नाव घातलेले डबे

संपदाचा अंगठा कायम कुठल्या ना कुठल्या कडेवरून फिरत असायचा. टेबलाच्या, खिडकीच्या, खेळण्यातल्या ट्रकच्या. मुलगी दिव्या रांगायला लागली तेव्हा ही सवय जडली, आणि दिव्या बालवाडीत जायला लागली तरी सुटली नाही. कुणाकडे हळदीकुंकवाला गेली तरी बोलता बोलता तिचा हात सेंटर टेबलाच्या कोपऱ्याकडे जायचा. सिल्व्हर पार्कमधल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये तर प्रत्येक कोपऱ्याला फोमची पट्टी चिकटवलेली होती. अभिनव, तिचा नवरा, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "आमच्याकडे चोर आला तर काय नेईल माहीत नाही, पण त्याला काही लागणार नाही, याची गॅरंटी."

ती नोकरी करायची नीलपद्म होमवेअरमध्ये. भाईंदर पूर्वेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला हा स्टीलच्या भांड्यांचा कारखाना. यतीनभाईंच्या वडिलांनी एका गाळ्यात सुरू केलेला, आता सलग बरेच गाळे, वर काचेचं ऑफिस आणि नावापुढे लिमिटेड. संपदा वर बसायची. ईमेल, कॅटलॉग, वेबसाइट हे तिचं काम, आणि गेल्या वर्षापासून 'सामाजिक उपक्रम'. ते तिच्या गळ्यात पडायचं कारण साधं होतं. देशभर दुकानं असलेली एक बडी कंपनी नीलपद्मचा माल घ्यायला लागली होती आणि तिच्या फॉर्मात एक प्रश्न असायचा, तुम्ही समाजासाठी काय करता? यतीनभाईंनी तो वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "संपदाबेन, तुम्ही शिकलेल्या आहात. समाज तुम्ही बघा."

गळ्यात पडलेलं काम, पण तिला मनापासून आवडलं. कॉलेजात असताना तिने उद्योग आणि समाज याच विषयावर प्रकल्प केला होता. नफा आणि नीती यांच्यावर पानंच्या पानं लिहिली होती, एकाही कारखान्यात पाऊल न टाकता.

यंदा ठरलं होतं, सव्वीस जानेवारीला नवघरच्या महापालिकेच्या शाळेतल्या मुलांना खाऊचे डबे द्यायचे. प्रत्येकाला एक, झाकणाचा, गोल. यतीनभाई म्हणाले, वरती कंपनीचा स्टिकर मारा. संपदाला ते पटेना. स्टिकर काय, पहिल्याच घासण्यात निघून जाणार. तिच्या माहेरी भांडं कुणाला द्यायचं म्हणजे त्यावर नाव घालून द्यायचं. तांब्यावर मामाचं नाव, ताटावर आत्याचं, बारशाच्या वाटीवर तारखेसकट आजोबांचं. देणाऱ्याचं नाव भांड्यावर राहायला हवं, नाहीतर ते दिल्यासारखं वाटत नाही.

ती विचारायला गेली तेव्हा यतीनभाई फोनवर होते. त्यांनी हात हलवून "हां हां, करा ना" म्हटलं. मग नवघर रोडच्या भांड्यांच्या दुकानात नाव घालायला बसणारे बबनकाका आपलं गुणगुणणारं मशीन घेऊन आले आणि जिन्याच्या वळणावर बसले. खालून पोत्यांतून डबे यायचे, काका ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं काढायचे. 'नीलपद्मकडून सप्रेम'. काम चार दिवस चाललं. संपदा जातायेता थांबून बघायची. अक्षर सुबक होतं. इतकं सुबक, की तिने बाकी काही बघितलंच नाही.

शेवटच्या दिवशी तिने एक डबा घरी नेला, दिव्यासाठी.

सासूबाईंनी, गिरिजाबाईंनी, डबा हातात घेतला, वरखाली केला. "हलका आहे गं. हळदीकुंकवाला वाण देतात ना, तसला वाटतोय." मग उलटा करून बुडाशी बघितलं. "आणि कमळ कुठाय? तुमच्या भांड्याला खाली कमळाचा छाप असतो ना?"

"आई, हे शाळेसाठी खास बनवलेत. वर नाव आहे की एवढं."

"मी आपलं विचारलं," गिरिजाबाई म्हणाल्या आणि डबा धुवायला घेऊन गेल्या. रिकामा डबा पोराच्या हातात देणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. फ्रिजमधलं श्रीखंड त्यात गेलं, झाकण लागलं आणि डबा दिव्यापुढे आला.

दिव्याने झाकण उघडलं आणि कुठलंही मूल करतं तेच केलं. आधी झाकण चाटलं.

ती रडलीच नाही. जीभ बाहेर काढून चकित होऊन बघत राहिली, आणि पांढऱ्या श्रीखंडावर लाल थेंब पडला. मग दुसरा. तेव्हा कुठे तिने भोकाड पसरलं, पण त्याच्या आधी संपदाची किंकाळी सगळ्या मजल्याने ऐकली होती.

डॉक्टर म्हणाले, वरवरचं आहे, टाका नको, दोन दिवस गार आणि मऊ द्या. "जिभेची जखम लवकर भरते. तुम्ही पाणी प्या आधी," ते संपदाला म्हणाले. घरी येईपर्यंत दिव्याचं आइसक्रीम अर्धं संपलं होतं. संपदाने डब्याचं झाकण घेतलं आणि कडेवरून अंगठा फिरवला. कड आत वळवलेली होती, गुळगुळीत, गोल, छान, आणि मग एका ठिकाणी वळण सुटलेलं. नखाएवढीच जागा, पण ब्लेडसारखी.

जगातल्या सगळ्या कडा तपासणाऱ्या बाईने आपल्याच कंपनीच्या डब्याच्या कडेवरून हात फिरवला नव्हता. ते तिला राहून राहून झोंबत होतं.

अभिनव म्हणाला, "एखादा डबा खराब निघतो. होतं."

"आणि एखादाच नसेल तर?"

"तर उद्या जाऊन विचार. पण संपू, जरा जपून. तुझे शेठ चांगले आहेत. दिव्या आजारी असली की लवकर सोडतात, घरून काम करू देतात. असली नोकरी घराजवळ शोधून मिळणार नाही. तिथे जाऊन एकदम झाशीची राणी होऊ नकोस."

सकाळी ती वर ऑफिसात गेलीच नाही, सरळ खाली गाळ्यात शिरली. इतकी वर्षं नोकरी करून ती इथे फार तर दसऱ्याच्या पूजेला आली होती. प्रेसचा दणदणाट, पॉलिशची काळी धूळ. दशरथ सावंत, प्रॉडक्शनचे साहेब, रत्नागिरीचे, कानाला पेन लावून उभे होते.

"काय मॅडम, आज वाट चुकलात?"

तिने झाकण पुढे केलं. त्यांनी बघितलं न बघितलं. "सेकंडचा माल आहे ना हा."

"सेकंड म्हणजे?"

"म्हणजे, कुठे पोचा, कुठे ओरखडा, कुठे कड नीट वळली नाही. फर्स्टचा माल बाजूला काढून त्याला छाप मारतो, कमळाचा. सेकंडला छाप नाही. तो वजनावर जातो. वाणाला, फेरीवाल्यांना. आणि वाटपाला. फुकट द्यायचा माल कायम सेकंडच, आजवर तेच चालत आलंय." मग त्यांची नजर झाकणाच्या वरच्या बाजूला गेली आणि पेन कानावरून खाली पडलं. "हे काय? सेकंडवर नाव घातलंत तुम्ही?"

"मला काय माहीत!"

"अहो मॅडम, विचारायचं तरी! सेकंडवर कधी नाव घालतात का? मी रजेवर काय गेलो गावाला..." त्यांनी कपाळाला हात लावला. "सगळ्यांवर?"

"सगळ्यांवर."

त्या दोघांनी मग एक पोतं उघडलं आणि झाकणांवरून अंगठे फिरवले. पुष्कळशी ठीक होती. काहींना नुसता पोचा. पण मधूनच एखादं असं यायचं की संपदा हात झटकन मागे घ्यायची. कुठलं झाकण कुठल्या मुलाकडे गेलं असतं, ते कोणी सांगावं?

यतीनभाई केबिनमध्ये चहा पीत होते. संपदाने डबा टेबलावर ठेवला आणि सगळं एका दमात सांगितलं. जिभेचं सांगताना तिचा आवाज फाटला, आणि त्याचा तिला स्वतःचाच राग आला.

"अरे बापरे. बेबी कशी आहे?"

"बरी आहे."

"खरंच बरी आहे ना? माझ्या भाच्याचा दवाखाना आहे शांती नगरला, दाखवून घ्या." मग त्यांनी डबा उचलला, नाव वाचलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "ये क्या किया, बेन? सेकंडवर नाव?"

"मी तुम्हाला विचारलं होतं."

"कधी?"

"तुम्ही फोनवर होता. हां हां करा म्हणालात."

"मी फोनवर असताना बायको पण मला काही विचारत नाही!" ते उठून फेऱ्या मारायला लागले. "आता हे बाजारात दिसलं तर? पप्पा छाप मारायच्या आधी स्वतः अंगठा फिरवायचे. नाव काय असंच पडत नाही."

"म्हणजे नाव नसतं तर हे डबे मुलांना द्यायला चालले असते?"

हे बोलून गेल्यावर संपदाला धडकी भरली. पण शब्द तोंडातून निघाले होते.

यतीनभाई थांबले. "हे बघा बेन. मी काही राक्षस नाही. दर वर्षी वाटतो. वह्या, डबे, चादरी. कुणी मागायला येत नाही, मीच देतो. फर्स्टचा माल फुकट वाटला तर मार्चमध्ये काय दाखवू? खाली एवढी माणसं आहेत, त्यांचे पगार नफ्यातून निघतात, भजनातून नाही. सेकंड वाटला तर मुलाला डबा मिळतो, आम्हाला नुकसान नाही. दोघं खुश. यात वाईट काय?"

कॉलेजच्या प्रकल्पात संपदाने याच्या अगदी उलट लिहिलं होतं, पण त्या पानांत खाली काम करणारी माणसं नव्हती, मार्च नव्हता. समोरचा माणूस खोटं बोलत नव्हता. दिव्याला न्यूमोनिया झाला तेव्हा याच माणसाने तिला महिनाभर सोडलं होतं आणि पगारातला पैसाही कापला नव्हता.

"वाईट एवढंच," ती म्हणाली, "की मूल झाकण चाटतं."

यतीनभाईंनी डबा टेबलाच्या कडेला सरकवला.

"ठीक आहे," ते शेवटी म्हणाले. "वाटप कॅन्सल. वह्या देऊ. आणि डब्यांवरचं नाव पॉलिशवर घासून काढा, मग बघू वजनावर कुठे जातात ते."

म्हणजे हेच डबे नाव पुसून कुठल्या तरी हातगाडीवर जाणार. कुणाच्या तरी दिव्याकडे. संपदाला वाटलं, इथे थांबावं. शाळेतली मुलं तर वाचली. अभिनव हेच म्हणाला असता. ती दाराशी गेली, दाराची कड पकडली आणि परत फिरली.

"यतीनभाई, डबे पॉलिशवाल्याकडे जाणारच आहेत ना? मग त्याने नाव घासायचं की कड घासायची, एवढंच ठरवायचंय."

"फार बोलता तुम्ही, बेन," ते म्हणाले. पण बसले. डबा जवळ ओढला, झाकण काढलं आणि कडेवरून अंगठा फिरवायला लागले. सावकाश, न बघता, जपमाळ ओढावी तसा. त्या जागेवर आला आणि थबकला. ते हिशेब करत होते की विचार, हे संपदाला शेवटपर्यंत कळलं नाही. बहुधा त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग त्यांनी दशरथना वर बोलावलं.

"नुसतं घासून नाही भागायचं," दशरथ म्हणाले. "वाईट कडा परत मशिनवर वळवायला लागतील, मग पॉलिश. होईल सव्वीसच्या आत. पण त्या बड्या कंपनीची लग्नसराईची ऑर्डर मागे राहील."

"ऑर्डर लेट? मग त्यांच्या नेहा मॅडमचा फोन येणार. ती बाई गोड बोलून पेनल्टी लावते." यतीनभाईंनी पुन्हा नाव वाचलं. मोठ्याने वाचलं, "नीलपद्मकडून सप्रेम," आणि तोंड वाकडं केलं. "सप्रेम कुणी सांगितलं होतं लिहायला?"

"पद्धत आहे," संपदा म्हणाली.

"लावा मशीन," ते दशरथना म्हणाले. "मॅडमशी मी बोलतो."

संपदा केबिनमध्येच होती तेव्हा त्यांनी फोन लावला. आधी पडेल आवाजात माफी मागितली. मग शाळेचं सांगितलं, मग कडांचं. आणि बोलता बोलता त्यांचा आवाज चढत गेला. "जी मॅडम, मुन्सिपाल्टी स्कूल के बच्चे हैं, तो क्वालिटी में कॉम्प्रोमाइज नहीं करेंगे ना! अपना नाम है उसपे!" पलीकडून काहीतरी उत्तर आलं. यतीनभाईंचा चेहरा उजळला. फोन ठेवून ते म्हणाले, "चालेल म्हणाल्या. फोटो मागितलाय. त्यांच्या पण रिपोर्टमध्ये टाकणार. आणि पुढच्या वर्षी मुलांच्या डब्यांची नवी लाइन काढायची का, विचारत होत्या."

तासाभरापूर्वी हा माणूस मुलांना सेकंडचा माल वाटायला निघाला होता. आता त्याच डब्यांची क्वालिटी विकून मोकळा झाला. संपदाला हसू आलं, थोडं वाईटही वाटलं. रात्री तिने अभिनवला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बघ. कंपनी म्हणजे काय धर्मशाळा आहे का? नावासाठी केलं त्यांनी."

"असेल."

"मग तुला चालतं?"

संपदा दिव्याच्या अंगावरची चादर सारखी करत होती. "कड बोथट झाली ना," ती म्हणाली. "कशासाठी झाली ते मला नंतर कधीतरी विचार."

पुढचे दिवस ती रोज खाली गाळ्यात जायची. मशिनवरून झाकणं यायची, दशरथ एक फिरवायचे, ती एक फिरवायची. पॉलिशच्या पोरांनी तिला 'अंगठा मॅडम' नाव पाडलं. तिने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. सगळं नीट झाल्यावर दशरथ म्हणाले, "आता याला कमळ मारायला हरकत नाही," आणि खरंच बुडाशी छाप मारून घेतले.

सव्वीस जानेवारीला नवघरच्या शाळेचं पटांगण सारवल्यासारखं स्वच्छ झाडलेलं होतं. झेंडावंदन झालं, भाषणं झाली. मुलं रांगेत बसली होती, धुवट गणवेशात, तेल चोपडलेल्या केसांची. मुख्याध्यापिका उर्मिला मॅडम म्हणाल्या, "बचत गटाच्या बायकांनी शिरा केलाय. डबे आलेच आहेत, तर त्यातच वाढू या का? रिकामा डबा कशाला द्यायचा मुलांच्या हातात?"

संपदाचा अंगठा हातातल्या झाकणाच्या कडेवर गेला. पण नाही कशी म्हणणार?

गरम शिरा डब्यात पडत गेला, झाकणं लागत गेली. यतीनभाई सफारी घालून आले होते. कंपनीचा फोटोग्राफर मागे मागे फिरत होता. डबे वाटून झाले. सगळ्यात पुढे दोन वेण्यांची एक मुलगी बसली होती, मॅडम तिला सुलू म्हणून हाक मारत होत्या. फोटोग्राफर म्हणाला, "सर, हिच्या बाजूला उभे राहा. संपदा मॅडम, तुम्ही पण या. एकदम नॅचरल. इकडे बघा, स्माइल!"

सुलूने झाकण उघडलं. आतून वाफेने ओलं झालेलं, तुपाचा थर आणि रव्याचे कण चिकटलेलं. तिने ते दोन्ही हातांनी धरलं, तोंडापाशी नेलं आणि जीभ बाहेर काढली.

संपदाचा स्वतःचा अंगठा तर्जनीवर घासायला लागला, जोरजोरात. जीभ कडेवरून फिरली, एका बाजूने निघाली, पार पलीकडे गेली, अगदी पूर्ण गोल.

"सर! मॅडम! इकडे!"

संपदाने नजर बाजूला वळवली, यतीनभाईंना खूण करावी म्हणून. ते कॅमेऱ्याकडे बघत नव्हते. कमरेत वाकून, चष्मा कपाळावर सरकवून, ते सुलूच्या जिभेकडे बघत होते, आणि त्यांचाही अंगठा बोटावर फिरत होता.

सुलूने झाकण तोंडापासून खाली घेतलं. ओठांवरचा रवा पुसला आणि कॅमेऱ्याकडे बघून हसली. जीभ लाल नव्हती, पिवळी होती, तुपाने.

"अजून आहे का शिरा?" तिने विचारलं.

"आहे, आहे," यतीनभाई घाईघाईने म्हणाले, जणू त्यांनीच केला होता.

तोच फोटो पुढे रिपोर्टमध्ये गेला, दुसरा चांगला आलाच नव्हता. त्यात मुलगी हसत समोर बघते आहे, आणि तिच्या बाजूची दोन मोठी माणसं तिच्या हातातल्या झाकणाकडे.